स्केल ठरवायला शिकवलंत, काका, मनापासून आभार

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय कारण युद्धनौकेचं मॉडेल कुठल्या स्केलला करायचं यावर अडकलेले खूप जण आहेत, तुमची पद्धत त्यांनाही कळायला हवी, आणि तुमचे आभार फोनवर दोन वाक्यांत उरकावेत असं मला अजिबात वाटत नाही.

मी विचारलं होतं आयोवा क्लासच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन बॅटलशिपबद्दल, १:९६ (खऱ्या जहाजाच्या ९६ पट लहान) घेऊ, १:१९२ घेऊ का सरळ १:३५०. तुम्ही आकडा सांगितलाच नाहीत, उलट मलाच विचारलंत की जहाजावरची सगळ्यात बारीक वस्तू कुठली, जी तुला करायचीच आहे? मी म्हटलं डेकच्या कडेची रेलिंग. मग तिथूनच सुरू कर म्हणालात, हलच्या, म्हणजे जहाजाच्या मुख्य धडाच्या लांबीपासून नको.

आणि मग ते पाकीट आलं. पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवलेल्या तीन तारा. खरी रेलिंग साधारण २५ मिमी जाड धरली तर १:९६ ला ०.२६ मिमी, १:१९२ ला ०.१३ आणि १:३५० ला जेमतेम ०.०७, म्हणजे जवळजवळ केसाएवढी. पहिल्या दोन पितळेच्या, तिसरी मोटरच्या वाइंडिंगमधून काढलेली तांब्याची, नुसतं बोट लागलं तरी वाकत होती. १:३५० च्या फोटोएच (पातळ पत्र्यातून रसायनाने कोरलेल्या) रेलिंग बऱ्याचदा प्रमाणापेक्षा जाड का दिसतात ते तेव्हा कळलं. तसंच ५ इंची तोफांचं, आयोवावर अशा २० नळ्या, १:१९२ ला नळीचं भोक ०.६६ मिमी येतं, बारीक ड्रिलने हाताने पाडता येतं, १:३५० ला तेच ०.३६ होतं आणि तिथे माझा हात थरथरतो. म्युझियमच्या दर्जाचं काम म्हणजे काय ते मला त्या पुठ्ठ्यावरून जितकं समजलं तितकं कुठल्या चर्चेतून समजलं नव्हतं.

मग दुसरी बाजू दाखवलीत. १:९६ ला आयोवा २.८२ मीटर होते, वर काचपेटी, ती जिन्याच्या वळणावरून कशी फिरवणार? १:१९२ ला १.४१ मीटर. लांबी निम्मी पण घनफळ आठवा हिस्सा, म्हणजे तेच मटेरियल वापरलं तर वजनही साधारण आठवा हिस्साच, हे मी खरंच मनात धरलं नव्हतं. जुन्या ब्रिटिश नेव्ही बोर्ड मॉडेल्सची (ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या त्या काळच्या लाकडी प्रतिकृतींची) १:४८ ही परंपरा मला फार प्रिय आहे पण ती शिडाच्या जहाजांना शोभते, आयोवा त्या स्केलला साडेपाच मीटरच्या पुढे जाते.

पण सगळ्यात मोठे आभार पुढच्या वाक्यासाठी. पहिल्या जहाजाचं स्केल ठरवशील ते पुढच्या सगळ्यांचं ठरवशील, म्हणालात. आता शेजारी फ्लेचर क्लासची डिस्ट्रॉयर, म्हणजे त्याच काळातली बरीच लहान अमेरिकन युद्धनौका येणार, १:१९२ ला ६० सेंमी, आणि बघणाऱ्याला काही न सांगता कळेल की बॅटलशिप किती अवाढव्य असते. १:२०० जवळचंच म्हणून मिसळायचा मोह होतो, पण आयोवाच त्यात ६ सेंमीने आखूड होते, आणि अमेरिकन प्लॅन फूट-इंचात असल्यामुळे १:१९२ ला अर्धा इंच म्हणजे ८ फूट, पट्टी लावली की हिशोब संपला.

एवढं सगळं करून निर्णय मात्र माझा मलाच घेऊ दिलात, ते मला फार मोलाचं वाटतं.

हलच्या फ्रेम कापून झाल्यात. आता रंगाचं विचारायचंय, लहान मॉडेलवर खरा शेड गडद दिसतो म्हणून थोडा पांढरा मिसळतात ना, तर १:१९२ ला किती मिसळू? तुमच्याकडे जुन्या रंगाच्या पट्ट्या असतील तर एक पाठवाल का?

तुमचा,
आयोवावाला पुतण्या