भिंती धुतल्या जाण्याआधी पूर मोजा : वडोदऱ्याच्या आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
वडोदरा महानगरपालिका यांस,
सादर नमस्कार.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस जे तीव्र कमी दाबाचे क्षेत्र गुजरातवरून सरकत गेले आणि ३० तारखेला कच्छकडे ‘अस्ना’ चक्रीवादळ झाले, त्याच्या पावसाने विश्वामित्री नदीने काळा घोडा पुलाशी ३५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी २५ फुटांची, त्यामुळे त्या दिवसांत सारे शहर त्या एका आकड्याकडे डोळे लावून बसले होते. तो वेळोवेळी जाहीर होत राहिला, हे योग्यच झाले. मात्र तो एका पुलाखालचा आकडा आहे. त्यावरून समा, कारेलीबाग, अकोटा किंवा वडसर येथील अमुक गल्लीत पाणी किती चढले, ते नदीतून आले की भूखी कांस या नाल्यातून मागे फुगून आले, यांतले काहीच कळत नाही.

उपग्रहाचे नकाशे आहेतच, असे उत्तर मिळेल. रडारचे किरण ढगांना जुमानत नाहीत आणि उघड्या शेतातले संथ पाणी त्या चित्रात काळे दिसते, म्हणून ढाढर नदीच्या काठच्या गावांसाठी ते नकाशे फार उपयोगाचे आहेत. दाट वस्तीत मात्र किरण पाण्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून परत उपग्रहाकडे उसळतात, त्यामुळे पाण्याने भरलेली गल्ली काळी न दिसता उलट उजळ दिसते आणि नकाशातून निसटते. शिवाय उपग्रह आपल्या वेळेने येतो. पाणी सर्वांत वर असेल तेव्हाच तो डोक्यावर असेल, याचा भरवसा नाही.

म्हणून जमिनीवरची मोजणी हवी, आणि ती पाणी ओसरल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांतच हवी. पुराची खरी नोंद घराघरांच्या भिंतींवर असते. जिन्याखालच्या बंद खोलीत, जेथे लाटा पोचत नाहीत, तेथे गाळाची रेघ इतकी सरळ उमटते की ती बोटभराच्या फरकाने वाचता येते. रस्त्याकडच्या, प्रवाह आदळणाऱ्या भिंतीवर तीच रेघ विनाकारण उंच दिसते. गिलाव्याला चढलेली ओलही फसवी, कारण ती पाण्याच्या पातळीच्या बरीच वर जाते. मोजणाऱ्याने गाळ पाहावा, ओल पाहू नये. २०२४ साली ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. पुरात सापडलेल्या आपल्या मराठी घरांनी बाप्पा येण्याआधी भिंती घासून धुतल्या, आणि साहजिकच त्या रेघाही गेल्या. त्यात लोकांचा काय दोष? पालिकेचा माणूस पेन्सिल आणि टेप घेऊन आधी दारात यायला हवा होता.

रेघेवर खूण करून जमिनीपासूनची उंची टिपली, की काम संपत नाही. ती उंची समुद्रसपाटीच्या एकाच मोजमापाला लेव्हल (दोन जागांच्या उंचीतला फरक मोजण्याचे उपकरण) लावून जोडावी लागते. नाहीतर समाची चार फूट आणि वडसरची चार फूट यांची सांगड बसत नाही, आणि नदीच्या पाण्याचा उतारही काढता येत नाही. उतार मिळाला तर कोणता पूल पाणी अडवतो आहे, हे वादावादीशिवाय दिसेल. खुणेसोबत पाणी चढल्याची वेळही घरच्यांना विचारून घ्यावी.

हे आता अधिक तातडीचे झाले आहे. २०२५ च्या पावसाळ्याआधी नदीचा गाळ काढून पात्र रुंद केले गेले. पात्र बदलले, की पातळी आणि विसर्ग यांचे जुने गणित बाद होते; २०२४ चे ३५ फूट आणि यापुढचे ३५ फूट म्हणजे सारखेच पाणी नव्हे. तेव्हा पूर चढत असतानाच पुलांवरून प्रवाहाचा वेग मोजून विसर्ग नव्याने ठरवला पाहिजे. खर्च झाला तो कामी आला का, हे तपासण्याचा दुसरा सरळ मार्ग मला दिसत नाही.

मोजणीचे नकाशे गुलदस्त्यात न ठेवता वॉर्डनिहाय, घरक्रमांक वगळून, खुले करावेत. जमिनीचे भाव पडतील म्हणून काहींचा विरोध होईल; तो मानू नये, कारण घर घेणाऱ्याला पाणी कुठवर येते हे कळण्याचा हक्क आहे. महाराष्ट्रात २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखतात. तशा रेषा येथेही प्रत्यक्ष खुणांशी पडताळून आखता येतील.

येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक वॉर्डासाठी दोन मोजणीदारांची नावे, लेव्हलची उपकरणे आणि नोंदीचा एक छापील नमुना तयार ठेवावा, ही विनंती. अभियांत्रिकीचे विद्यार्थी या कामाला आनंदाने येतील, त्यांना फक्त ओळखपत्र द्यावे.

आपला नम्र,
दांडिया बाजारातील एक रहिवासी