शॉर्टसर्किट नव्हे, सैल स्क्रू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाट्यगृहात काही जळालं की बातमीत कारण म्हणून 'शॉर्टसर्किट' हा शब्द ठरलेला असतो. कधीकधी तो खराही असतो. पण रंगमंचाच्या लाइटचे जे टॉप (पिनांचे प्लग) आणि सॉकेट करपलेले निघतात, त्यांत बहुतेकदा शॉर्टसर्किट झालेलंच नसतं. कुठला तरी स्क्रू सैल पडलेला असतो. हा नुसता शब्दांचा कीस नाही. शॉर्टसर्किट झालं तर एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच, क्षणात पडतो. सैल जोडाचा त्याला पत्ताच लागत नाही.

साधा हिशेब बघा. हजार वॉटचे दोन हॅलोजन स्पॉट एका टॉपवर आहेत. २३० व्होल्टला प्रवाह झाला ८.७ अँपिअर. स्क्रूखाली तार नीट दाबली गेली नाही आणि तिथे जेमतेम एक तृतीयांश ओहमचा अडथळा तयार झाला, तर त्या एका ठिपक्यावर सुमारे २५ वॉटची उष्णता निघते. लहान सोल्डरिंग आयर्न एवढ्यावरच चालतं! व्होल्टेज मात्र तीननेही घटत नाही, त्यामुळे लाइटच्या कंट्रोल बोर्डावर बसलेल्याला दिवा मंद झालेला कळत नाही. प्रवाह वाढलेला नाही, उलट किंचित कमीच झालाय. मग एमसीबी पडेल कशाला?

ब्रिटनमध्ये घरोघरी चपट्या पिनांचे, आत फ्यूज असलेले टॉप आले, तरी तिथल्या नाट्यगृहांनी बीएस ५४६ मानकाचा गोल पिनांचा १५ अँपिअरचा टॉप सोडला नाही. कारण त्यात फ्यूज नसतो. चालू प्रयोगात, लाइट टांगलेल्या उंच बारवरच्या टॉपमधला फ्यूज उडाला तर शिडी कुठे लावणार? फ्यूज डिमरपाशी (दिव्याचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्रापाशी), हाताशी असलेला बरा. अमेरिकेत चाल वेगळी: तीन पिना एका ओळीत, २० अँपिअरचा 'स्टेज पिन'. त्याच्या पितळी पिना मधोमध चिरलेल्या असतात. वापरून वापरून चीर मिटते, पिन सॉकेटात ढिली बसते आणि तापते. चीर पुन्हा फाकवायला खास हत्यार मिळतं; स्क्रूड्रायव्हर खुपसून हे काम करणारे पिन वाकडी तरी करतात किंवा मोडतात. टॉप कुठलाही असो, दुखणं एकच.

आता टॉप जोडण्याविषयी. तारेच्या टोकाला सोल्डरचा डाग देऊन मग ती स्क्रूखाली घालायची, ही सवय फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. सोल्डर मऊ असतं. स्क्रूच्या दाबाखाली, त्यात दर प्रयोगाला तापून-निवून, ते हळूहळू सरकतं आणि आज घट्ट पिळलेला स्क्रू काही दिवसांत सैल होतो. त्याऐवजी टोकावर फेरूल (धातूची छोटी नळी) चढवून ती पकडीने दाबून घट्ट, म्हणजे क्रिंप, करा. ते नसेल तर उघडं तांबं पिळून, दुमडून घाला. टर्मिनलमध्ये मावेल तेवढंच सोला, साधारण ८ ते १० मिलिमीटर; एकही केसाएवढी तार बाहेर राहता कामा नये. अर्थची वायर इतर दोन्हींपेक्षा सेंटिमीटरभर लांब ठेवा, म्हणजे केबल ओढली गेलीच तर अर्थ सगळ्यांत शेवटी निसटेल. टॉपमधला केबल धरून ठेवणारा क्लॅम्प बाहेरच्या जाड आवरणावर बसला पाहिजे, आतल्या रंगीत वायरींवर नाही. मग एकेक वायर हाताने ओढून बघा. पूर्ण १५ अँपिअरच्या टॉपला २.५ चौरस मिलिमीटरची केबल हवी.

एलईडी लाइट आल्यापासून एक नवा घोळ होतो. टॉप तोच, सॉकेट तेच, म्हणून एलईडी किंवा मूव्हिंग हेड (मोटरवर फिरणारा लाइट) सरळ डिमरच्या चॅनलवर लावला जातो. डिमर विजेच्या प्रवाहाची लाट (साइन वेव्ह) कापून देतो, आणि अशा कापलेल्या पुरवठ्यावर आतला पॉवर सप्लाय बिघडू शकतो. थेट सप्लायच्या सॉकेटांना वेगळ्या रंगाची टेप लावणं एवढा सोपा उपाय आहे. या लाइटच्या मागचा निळा-करडा पॉवरकॉनही (फिरवून लॉक होणारा सप्लायचा कनेक्टर) जपून हाताळावा: निळा सप्लाय आत घ्यायला, करडा पुढे द्यायला. हे मूळ मॉडेल लोड चालू असताना काढण्यासाठी बनवलेलंच नाही. आधी सप्लाय बंद, मग पॉवरकॉन.

तपासणीला फार काही लागत नाही. सगळी चॅनल पूर्ण क्षमतेने अर्धा तास चालवा, सप्लाय बंद करा आणि टॉपवरून हाताची मागची बाजू फिरवा. तेवढ्याच लोडवरच्या शेजाऱ्यांपेक्षा जो गरम लागेल, तो उघडा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर तो टॉपच्या प्लॅस्टिकवर धरा. चकचकीत पितळेवर आकडा खोटा येतो. पिनेवर तपकिरी-जांभळी झाक, कडक झालेलं वायरचं आवरण, आणि कुजक्या मासळीसारखा वास (हा तापलेल्या प्लॅस्टिकचा) या खुणा दिसल्या की टॉप बदलायला उशीर करायचा नाही.

करपलेला टॉप बदलताना सॉकेटही बदला. तापून ढिली पडलेली त्याची पितळी पकड नवी पिनही जाळते. आणि केबल चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा. काळी पडलेली तार नव्या टॉपमध्ये कितीही आवळली, तरी तिथला अडथळा तसाच राहतो.

आपला,
एक रंगमंच प्रकाश तंत्रज्ञ