घशातले गळू गुळण्यांनी जात नाही

महोदय,

घसा दुखला की हळद-मिठाच्या गुळण्या आणि दुकानातून मागून आणलेल्या चार गोळ्या, हे कोकणात घरोघरी चालते. साध्या सुजेला ते खपून जाते. टॉन्सिलच्या बाजूला पू साठून गळू झाले, की मात्र ते खपत नाही. तेव्हा दुखणे एकाच बाजूला असते, त्या बाजूचा कान ठणकतो, पेजही गिळवत नाही, आवाज तोंडात घास धरल्यासारखा येतो. सर्वांत बोलकी खूण म्हणजे तोंड उघडत नाही. दोन बोटेही जेमतेम शिरतात. बॅटरीने पाहिल्यास टॉन्सिलच्या वरचा भाग फुगलेला आणि पडजीभ दुसऱ्या बाजूला ढकललेली दिसते.

हा पू काढावाच लागतो. बधिरतेचा फवारा मारून जाड सुईने तो ओढतात. सुईचे टोपण कापून टोक जेमतेम 1 सेंमी उघडे ठेवतात, कारण मागे बाहेरच्या अंगाला मानेची मोठी धमनी असते. पू निघाला की जबडा सैलावतो. बरे वाटले म्हणून तिसऱ्या दिवशी प्रतिजैविक सोडू नये. साधारण 10 ते 14 दिवसांचा कोर्स असतो.

लाळ गळू लागली, मान सुजली, श्वास अडकू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. आतल्या वाडीतून जिल्हा रुग्णालय लांब पडते. 108 ला फोन करा, रुग्णाला बसवूनच न्या, आडवे करू नका.

— एक कान-नाक-घसा तज्ज्ञ, रत्नागिरी