मांजरांना नुसते खाऊ घालून भागणार नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर आपल्या दैनिकातून वरचेवर चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु इमारतींच्या वाहनतळांत, भाजीबाजारांत आणि मासळीच्या गाळ्यांभोवती वाढणाऱ्या मांजरांविषयी मात्र दोन शेजारी हमरीतुमरीवर येईपर्यंत कोणी बोलत नाही. इंदिरानगरमधील आमच्या सोसायटीत हे भांडण चार वर्षे चालले. त्यात मी मांजरांना खाऊ घालणाऱ्यांच्या बाजूची होते आणि आजही आहे. तरीही हे पत्र मी आधी माझ्याच बाजूच्या लोकांना उद्देशून लिहीत आहे.

२०२१ च्या पावसाळ्यात एक तिरंगी भाटी, म्हणजे मांजराची मादी, आमच्या जिन्याखाली आडोशाला आली. माझे बालपण जुन्या नाशकातल्या वाड्यात गेले. तिथे माळ्यावर धान्याची पोती आणि पोत्यांमागे मांजर हे ठरलेलेच असे, त्यामुळे मी तिला सहजच दूध-पोळी घालू लागले. पुढच्या दोन वर्षांत ती तीनदा व्याली, तिची एक लेकही व्याली, आणि आवारात जन्मलेल्या सतरा पिल्लांपैकी पाच तेवढी जगली. बाकीची काही गाडीच्या चाकाखाली सापडली, काही इंजिनाच्या उबेला जाऊन बसली आणि तिथेच संपली, तर काही दोन दिवसांच्या उलट्या-जुलाबांत गेली. मी त्यांना जगवते आहे असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी त्या भाटीला पुन्हा पुन्हा विण्याइतके धष्टपुष्ट ठेवत होते आणि त्यापुढची कोणतीच जबाबदारी घेत नव्हते.

दुसऱ्या बाजूने जे झाले ते याहून वाईट होते. तक्रारी वाढल्यावर काही रहिवाशांनी माणसे लावून मांजरांना पोत्यांत भरले आणि गोदावरीपलीकडे नेऊन सोडले. मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते असे आपण म्हणतो. ज्या भाटीला त्या रात्री नेले, तिची पिल्ले त्या वेळी वीजमीटरच्या पेटीमागे होती आणि ती तिथे आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते. ती पिल्ले आम्हाला तिसऱ्या दिवशी वासावरून सापडली. आणि एवढे करूनही तीन महिन्यांत आवारात नवे बोके आलेच, कारण उघडा कचरा तोच होता, उंदीर तेच होते आणि जागा रिकामी झाली होती. राहती मांजरे हलवली की मोकळ्या झालेल्या हद्दीत शेजारची मांजरे शिरतात, हे जगभरच्या प्राणिकल्याण कार्यकर्त्यांनी पाहिलेले आहे. आम्ही ते आमच्या जिन्याखाली पाहिले.

मांजरांची संख्या कशी वाढते हे नीट समजून घेतल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही. भाटी साधारण चार ते सहा महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, तिचा गाभणकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो, एका वेळी बहुधा तीन ते पाच पिल्ले होतात आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. संक्रांतीनंतर दिवस मोठे होऊ लागले की माजाचा जोर वाढतो, म्हणूनच उन्हाळ्याच्या तोंडाशी सगळीकडे पिल्लेच पिल्ले दिसतात. ज्या गोष्टींना शेजारी वैतागतात, म्हणजे रात्रीचे रडणे, बोक्यांच्या झुंजी, गाड्यांवर मारलेल्या मुताच्या पिचकाऱ्या आणि त्यांचा उग्र दर्प, त्यांतल्या बहुतेक गोष्टींचे मूळ याच प्रजननात आहे. नसबंदीनंतर त्या झपाट्याने कमी होतात. त्यामुळे मांजरे आवडणारे आणि न आवडणारे या दोघांनाही हवे असलेले काम एकच आहे, ही गोष्ट आमच्या लक्षात यायला चार वर्षे लागली याचे मला दुःख होते.

हे काम कसे करावे ते थोडे विस्ताराने लिहिते, कारण अर्धवट माहितीमुळे अनेक जण सुरुवातीलाच हात टेकतात. पहिली गोष्ट म्हणजे वेळ. रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी खाणे ठेवले आणि अर्ध्या तासाने भांडी उचलली की आठ-दहा दिवसांत मांजरे त्या वेळेला हजर होऊ लागतात, त्यांची मोजदाद करता येते आणि कोण गाभण आहे, कोण अंगावर पाजते आहे हेही कळते. त्यानंतर सापळ्याच्या पिंजऱ्याचे दार उघडे बांधून त्यातच खाणे द्यावे, म्हणजे पिंजऱ्याची भीती मोडते. शस्त्रक्रियेच्या आधी किती तास उपाशी ठेवायचे हे पशुवैद्य वय पाहून सांगतात. पिल्लांना मोठ्यांइतके उपाशी ठेवता येत नाही. सुकटीचा वास बहुतेक मांजरांना आत आणतो. दार पडताच पिंजऱ्यावर जुनी चादर टाकावी, अंधारात मांजर शांत होते. एका पिंजऱ्यात एकच मांजर ठेवावे आणि हाताने पकडण्याचे धाडस कोणीही करू नये.

भूल दिलेली असतानाच डाव्या कानाचे टोक सरळ कापून घ्यावे. हे काहींना क्रूर वाटते, परंतु तीच एकमेव खूण लांबून दिसते आणि त्या खुणेमुळे नसबंदी झालेल्या मांजराला पुन्हा पकडण्याचा, पुन्हा भूल देण्याचा त्रास वाचतो. त्याच वेळी रेबीजची लस आणि जंताचे औषध देऊन घ्यावे. बोका एक-दोन दिवसांत सोडता येतो. भाटीचे पोट उघडलेले असते, म्हणून टाके विरघळणारे असले तरी जखम कोरडी होईपर्यंत तिला काही दिवस बंदिस्त ठेवून रोज पाहावे लागते. पिंजरे धुताना फिनाईल वापरू नये, ते मांजरांना विषारी ठरते. पातळ केलेले ब्लीच वापरून पिंजरा पाण्याने स्वच्छ धुऊन वाळवावा. आणि मांजर जिथून उचलले तिथेच परत सोडावे. ‘आता शस्त्रक्रिया झालीच आहे, तर शेतावर सोडू या’ असा आग्रह आम्हालाही झाला होता. अनोळखी जागी सोडलेले मांजर तिथे टिकण्याची खात्री नसते आणि इकडची हद्द पुन्हा मोकळी होते. पिल्ले दीड-दोन महिन्यांची असेपर्यंत लवकर माणसाळतात, त्यांना घरे शोधावीत.

आवारातील दोन-चार मांजरांवर शस्त्रक्रिया करून थांबले तर हाती काही लागत नाही. उरलेली भाटी वर्षभरात सगळी कसर भरून काढते. म्हणून सगळी, निदान जवळजवळ सगळी मांजरे एका हंगामात पूर्ण करावीत. घरात पाळलेल्या मांजरांचीही नसबंदी झाली पाहिजे, कारण आवारातील नव्या मांजरांपैकी काही कोणाच्या तरी घरातून बाहेर काढलेली असतात.

खाऊ घालणाऱ्यांनी आणखी काही पथ्ये पाळायला हवीत. मोठ्या मांजरांना गाईचे दूध बहुधा पचत नाही. त्याचे जुलाब शेजाऱ्यांच्या दारात होतात आणि राग मांजरांवर निघतो. कागदावर भात-मासे टाकून निघून जाणे ही सेवा नव्हे. विष्ठा रोजच्या रोज उचलावी, कारण तिच्यातून टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो आणि गर्भवती स्त्रियांना त्याचा धोका असतो. ओरखडा किंवा चावा झाल्यास साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जावे. रेबीज मांजरापासूनही होतो. मांजरे पक्षी मारतात हे मान्य करण्यातही संकोच नसावा. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर या पक्ष्यांच्या पाणथळीला २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान्यता मिळाली. अशा पाणथळीच्या परिसरात मांजरांना खाणे घालण्याची नवी ठिकाणे कोणीही सुरू करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. केंद्र सरकारने २०२३ मध्ये केलेल्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतील बहुतेक तरतुदी कुत्र्यांविषयी आहेत, मात्र नियम २० मध्ये सामुदायिक, म्हणजे वस्तीत राहणाऱ्या पण कोणाच्या मालकीच्या नसलेल्या, प्राण्यांच्या खाण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी रहिवासी संघटनांवर टाकली आहे. खाण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या दारांपासून दूर असावी, वेळ ठरलेली असावी आणि खाऊ घालणाऱ्याने घाण करू नये, असेही तोच नियम सांगतो. म्हणजे दोन्ही बाजूंना हवे ते त्यात आहे. प्राण्याला विष घालणे किंवा जायबंदी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली ५ वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे, हे ज्यांनी पोती आणली त्यांना त्या दिवशी कोणीतरी सांगायला हवे होते.

पण सारा भार चार स्वयंसेवकांच्या खिशावर आणि सवडीवर टाकून शहराचा प्रश्न सुटणार नाही. खासगी दवाखान्यातील प्रत्येक शस्त्रक्रियेचा खर्च निवृत्तिवेतनातून करताना माझी किती ओढाताण होते ते मी जाणते. महिन्याला दोनपेक्षा जास्त मांजरे मला झेपत नाहीत आणि तेवढ्यात तिसरी गाभण राहते. मुंबई आणि पुणे महापालिकांनी कुत्र्यांपाठोपाठ मांजरांच्या निर्बीजीकरणाचेही काम हाती घेतले आहे. नाशिक महापालिकेच्या पशुसंवर्धन विभागाने सहाही विभागांसाठी मांजरांच्या शस्त्रक्रियांचे ठरावीक दिवस जाहीर करावेत, अनामत घेऊन पिंजरे वापरायला द्यावेत आणि स्वयंसेवकांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्रे द्यावीत, म्हणजे रात्री अकरा वाजता पिंजऱ्याजवळ बसलेल्या बाईला चोर समजून कोणी हटकणार नाही. २०२७ च्या सिंहस्थात पंचवटी परिसरात अन्नछत्रे लागतील आणि उरलेले अन्नही साचेल, तेव्हा हे काम निदान त्या परिसरात आधी सुरू व्हावे. संक्रांतीपूर्वीच्या दोन महिन्यांत केलेली एक शस्त्रक्रिया उन्हाळ्यातल्या तीन-चार पिल्लांचा जन्म टाळते, म्हणून वेळापत्रक दिवाळीनंतर लगेच लागू व्हावे.

आमच्या आवारात आज सात मांजरे आहेत, सातही कानकापी आहेत आणि गेल्या चौदा महिन्यांत तिथे एकही पिल्लू जन्मलेले नाही. ती पहिली तिरंगी भाटी अजून जिन्याखालीच असते. ज्यांनी तक्रारअर्जावर सर्वांत आधी सही केली होती, ते शेजारी मी गावाला गेले की तिची वाटी भरतात. सोसायटीने वर्गणी काढून दोन पिंजरे घेतले आहेत. इंदिरानगर, राजीवनगर किंवा पाथर्डी फाटा परिसरातील कोणाला ते हवे असल्यास आपल्या कार्यालयाकडे दिलेल्या माझ्या क्रमांकावर विचारणा करावी, पहिल्या वेळी मी स्वतः सोबत येईन.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक