विषय: ‘अनधिकृत प्रत’ची खोटी सूचना आणि माझ्या तक्रारीवर मारलेला खोटा शेरा

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

आज सकाळी तुमच्या माणसाने ‘ग्राहकाने परवाना फाइलमध्ये फेरफार केला’ असा शेरा मारून माझी तक्रार बंद केली. हा शेरा खोटा आहे.

तुमच्या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरचे तीन परवाने मी घेतले आहेत, पावत्या सोबत आहेत. नवी आवृत्ती टाकल्यापासून ‘प्रत नोंदणीकृत नाही’ अशी सूचना येऊ लागली आणि प्रत्येक पीडीएफच्या पानावर आडवा ‘अनधिकृत प्रत’ शिक्का. दिवाळी अंकाचे सात फॉर्म (एकत्र छापायच्या पानांचे संच) छापखान्यात जायचे होते. प्रूफं बघायला आलेल्या संपादकांनी तो शिक्का पाहिला आणि काही न बोलता चष्मा काढून ठेवला.

पहिल्याच फोनवर मी सांगितलं होतं की उजवं क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडलं तर सूचना येत नाही, नेहमीसारखं डबल क्लिक केलं की येते. एवढ्यावरून तुमच्या माणसांना दोष कळायला हवा होता. त्यांनी चार वेळा परवान्याची की (नोंदणीचा क्रमांक) पुन्हा टाकायला लावली, मग मशिन फॉरमॅट करायला लावलं. त्यात दीड दिवस गेला, सूचना तशीच. शेवटी एकाने सगळ्या सी ड्राइव्हवर ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ द्या, म्हणजे कुणालाही काहीही बदलता-पुसता येईल असं करा, म्हणून सांगितलं. ज्या मशिनवर लोकांची हस्तलिखितं असतात तिथे असा सल्ला देणं धोक्याचं आहे. मी ते केलं नाही.

दोष माझ्या ऑपरेटरने शोधला. परवाना फाइल तुमचा इन्स्टॉलर विंडोजच्या ‘प्रोग्रॅमडेटा’मधल्या फोल्डरमध्ये ठेवतो. इन्स्टॉलर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या हक्काने चालतो, त्यामुळे त्याने बनवलेली फाइल साध्या यूझरला वाचता येते, बदलता येत नाही. तुमचं सॉफ्टवेअर मात्र उघडताना दर वेळी तीत तारीख लिहायला जातं. लिहिता आलं नाही, की परवानाच नाही असं धरून चालतं. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटीत जाऊन ‘यूझर्स’समोर ‘मॉडिफाय’वर खूण केली, फक्त त्या एका फोल्डरवर. सूचना गेली, शिक्का गेला. दहा मिनिटांचं काम होतं. तुम्ही बारा दिवस घेतलेत.

हे कळवायला मीच आज फोन केला, म्हणजे दुसऱ्या कुणाचे बारा दिवस जाऊ नयेत. त्यावर तुमचा माणूस म्हणाला, ‘सर, परवान्याच्या फोल्डरला हात लावलात. क्रॅक मारून फुकट वापरणारे पण हेच करतात.’

मी विचारलं, ‘माझ्या तिन्ही की तुमच्यासमोर आहेत का?’

‘हो सर.’

‘खऱ्या आहेत का?’

‘खऱ्या आहेत सर.’

‘मग मी क्रॅक कशाला मारीन?’

‘ते मी कसं सांगू सर, लोक काय काय करतात.’

फोनचा स्पीकर चालू होता. दोन्ही ऑपरेटर शेजारी बसले होते. याच मुलांना मी पहिल्या दिवशी बजावलं होतं की या ऑफिसात फुकटची प्रत चालणार नाही, सॉफ्टवेअर बनवणाराही आपल्यासारखाच पोटासाठी काम करतो. त्यांच्यासमोर मला चोर म्हटलं गेलं, आणि तेही माझ्या तिन्ही की खऱ्या आहेत हे कबूल करून. पैसे गेले, दिवस गेले, ते भरून काढता येतं. हे मी विसरणार नाही.

सॉफ्टवेअर चालवायला डोंगल, म्हणजे परवान्याचं छोटं उपकरण, मशिनला लावावं लागायचं तेव्हापासून मी तुमचा ग्राहक आहे. मराठी जोडाक्षरं नीट बसवणारं तुमच्यासारखं दुसरं मला मिळालं नव्हतं, म्हणून दर आवृत्तीचे पैसे भरत आलो. आता पहिल्यांदाच दुसरं शोधतो आहे.

तो शेरा काढा आणि तसं लेखी कळवा. इन्स्टॉलरनेच त्या फोल्डरची परवानगी नीट द्यावी असा बदल करा. आणि फाइल लिहिता आली नाही तर ‘फाइल लिहिता आली नाही’ असंच दाखवा, ‘अनधिकृत प्रत’ नव्हे. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात तक्रार दाखल करीन. शिक्का पडलेली प्रूफं मी जपून ठेवली आहेत.

तीन परवान्यांचा धारक,
कोल्हापूर

सोबत: तीन पावत्या, सिक्युरिटीच्या पानाचे आधीचे आणि नंतरचे स्क्रीनशॉट, शिक्क्याचं एक प्रूफ