मागे नसलेल्या डिफरन्शिअलचं बिल आणि कपाटाचा गायब दरवाजा

नमस्कार साहेब,

आधीचे दोन ईमेल इंग्लिशमध्ये पाठवले होते. दोन्हीला तुमच्या ऑफिसकडून एकच छापील उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे वगैरे, खाली कोणाचं नाव पण नाही. म्हणून आता मराठीत लिहितोय आणि थेट तुम्हालाच लिहितोय. आपली ओळख मंडळाच्या गणपतीत झाली, आठवत असेल, महाप्रसादाच्या लाइनीत तुम्ही माझ्या पुढे होता आणि मी जुनी जीएमसी मोटरहोम घेतलीय म्हटल्यावर ताट हातात धरून वीस मिनिटं बोलत उभे राहिलात, वरण पार गार झालं तुमचं. त्या वीस मिनिटांच्या भरवशावर मी गाडी तुमच्याकडे दुरुस्तीला टाकली. दुसऱ्या शॉपचं कोटेशन ८०० डॉलर कमी होतं, तरी.

गाडी कुठली ते ऑफिसला माहीत नसेल म्हणून लिहितो, कारण बिल बघून तरी तसंच वाटतंय. १९७३ ची जीएमसी, २६ फुटी, पेंटेड डेझर्ट मॉडेल, पहिल्याच वर्षातली. इथेच मिशिगनमध्ये पॉन्टियाकला बनलेली, १९७८ ला बंदच झाल्या, सगळ्या मिळून १३ हजारांच्या आतच निघाल्या. मला ती जॅक्सनच्या एका आजींकडून मिळाली. आजींचे मिस्टर आणि त्यांचे दोन मित्र मिळून फॉर्म्युला फोर्ड चालवायचे, म्हणजे १६०० सीसीच्या इंजिनची एका सीटची छोटी रेसची गाडी, कारखान्यातली नोकरी सांभाळून, शनिवार रविवार. ट्रेलरवर रेसची गाडी आणि पुढे ही मोटरहोम. हिच्यातच झोपायचं, हिच्यातच रेसच्या गाडीच्या गिअरचे रेशो बदलायचे, हिच्यातच अंडी तळायची. ट्रॅक सांगायचे तर क्लार्क्सटनचं वॉटरफोर्ड हिल्स, ग्रॅटन, ओहायोतलं मिड-ओहायो, विस्कॉन्सिनला एल्कहार्ट लेकचं रोड अमेरिका, आणि एकदा तर थेट जॉर्जियाला रोड अटलांटाच्या रनऑफ्सपर्यंत, म्हणजे हौशी रेसवाल्यांच्या राष्ट्रीय फायनलपर्यंत, गेलेत हे लोक. तिथे कितवे आले ते आजी सांगत नाहीत, हसतात फक्त.

आता बिल. अकराव्या ओळीत लिहिलंय, रिअर डिफरन्शिअल ऑइल चेंज, लेबर धरून १८९ डॉलर. साहेब, या गाडीला मागे डिफरन्शिअलच, म्हणजे इंजिनचा जोर दोन चाकांना वाटून देणारे गिअरच, नाहीयेत. ही फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, ओल्ड्समोबिल टोरोनॅडोचं ४५५ क्युबिक इंचाचं इंजिन, त्याला चेनने जोडलेला टर्बो-हायड्रामॅटिक ४२५ गिअरबॉक्स, फायनल ड्राइव्ह पण तिथेच पुढे, जे काय जोर लावायचाय तो पुढची दोन चाकंच लावतात. मागची चारही नुसती फिरतात, बैलगाडीसारखी. दोन्ही बाजूला एकामागे एक दोन चाकं, प्रत्येकाला स्वतःचा आर्म आणि मध्ये आडवी एअर बॅग, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवा भरलेली रबरी पिशवी. मागे ॲक्सलच नाही म्हणून तर तिचा फ्लोअर एवढा खाली आहे, म्हणून तर माणूस एका पायरीत आत जातो, ही गाडी गाजली ती याच्यामुळेच आणि गणपतीत हे मला तुम्हीच कौतुकाने सांगितलं होतं. मग तेल ओतलं कशात? बिल टाइप करताना दुसऱ्या गाडीची ओळ इकडे चिकटली असेल तर ठीक आहे, १८९ डॉलर परत करा, विषय संपला. पण तुमच्या कोणी खरंच खाली झोपून कशात तरी तेल ओतलं असेल तर ते कुठे ओतलं हे मला कळायला पाहिजे, गंमत नाही करत.

डावी एअर बॅग. संध्याकाळी गाडी सरळ उभी असते, सकाळी बघावं तर म्हैस बसल्यासारखी एका अंगावर बसलेली. मी साबणाचं पाणी मारून बघितलं, बॅग चांगली आहे, हवेच्या नळीचं फिटिंग तुमच्या माणसाने तिरकंच पिळलंय, तिथून बुडबुडे येतात. फोटो जोडलाय. माझे वडील कोल्हापूरला उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर होते, तिरका आटा बसला की हात आपोआप थांबला पाहिजे म्हणायचे, ज्याचा थांबत नाही त्याच्या हातात पाना देऊ नये. असो.

आणि खिडक्या. रबर गॅस्केट नवीन घालायचे ठरले होते, पैसे पण त्याचेच घेतलेत, आणि प्रत्यक्षात जुन्याच रबरावरून सिलिकॉन फिरवलाय, गावाकडे पत्र्याला डांबर फासतात तसा. पहिल्याच पावसात मागच्या पलंगावर पाणी. आता नवीन गॅस्केट घालायच्या आधी तो सगळा सिलिकॉन खरवडून काढावा लागणार, म्हणजे काम कमी नाही केलंत, वाढवून ठेवलंत.

पण खरं सांगू का, हे सगळं एकवेळ चालेल. फिटिंग पुन्हा बसतं, रबर पुन्हा घालता येतं, पैसे परत येतात. मी ज्याच्यासाठी रात्री एक वाजता हे टाइप करत बसलोय ते वेगळंच आहे.

पहिलं म्हणजे अक्षरं. गाडी घेतली तेव्हा बाहेरून सगळी बेज होती, कोणीतरी ऐंशीच्या दशकात एक हात मारलेला. ड्रायव्हरच्या बाजूला खिडकीखाली उन्हात तिरकं बघितलं की रंगाच्या आत काहीतरी उठून दिसायचं. मी तीन वीकेंड घालवले, बारीक पॉलिश पेपर, पाणी लावून, एका वेळी तळहाताएवढी जागा, आणि खालून लाल अक्षरं वर आली. ब्रशने हाताने रंगवलेली, काळी बॉर्डर, 'रेसिंग' शब्दाचा शेवटचा भाग आणि पुढे पांढऱ्या गोलात ४७. एका अक्षराच्या शेपटीला रंगाचा ओघळ तसाच वाळलेला, म्हणजे रंगवणाऱ्याला घाई होती, किंवा थंडी असेल. शेंदराची खपली निघून मूळ मूर्ती दिसावी तसं झालं मला. मग तुमच्याकडे गाडी देताना त्या सहा फुटांच्या पट्ट्याभोवती निळी टेप लावली, टेपवर मार्करने लिहिलं की इथे सँडर, म्हणजे घासायचं मशीन, लावायचा नाही, फक्त क्लिअर कोट, म्हणजे वरून पारदर्शक थर, आणि वर्क ऑर्डरवर पण हेच लिहून घेतलं, खाली तुमच्या मॅनेजरची सही आहे.

गाडी परत आली तेव्हा ७ गेलेला. गोल अर्धा गेलेला. ४ तेवढा राहिलाय कारण बहुतेक तिथे कोणाच्या तरी लक्षात आलं आणि मशीन थांबलं. विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला की तिथे सरफेस अनइव्हन होता. अहो अनइव्हन होताच, ते रंगाचे थर होते, तेच तर ठेवायचं होतं ना!

आमच्या गावाला काळ्या दगडाचं जुनं देऊळ आहे, यादवांच्या काळातलं म्हणतात. पंधरा वर्षांपूर्वी त्याचा जीर्णोद्धार झाला म्हणजे काय तर खांबांना पिवळा ऑइलपेंट, नक्षीला चंदेरी, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स. वर्गणीदारांची नावं मात्र संगमरवरावर. मी इतकी वर्षं त्या लोकांना हसायचो. आता स्वतःच ५,२०० डॉलर मोजून तेच करून घेतलं. आमची ही म्हणाली, निदान टाइल्स तरी नाही बसवल्या.

दुसरं म्हणजे दरवाजा. आतल्या उभ्या कपाटाचा. दिसायला काहीच नाही, पातळ प्लायवूड, बाहेरून लाकडाच्या डिझाइनचं लॅमिनेट, खालच्या कोपऱ्यात पाणी लागून फुगलेला. त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेल्या लॅपच्या वेळा होत्या. आजींच्या अक्षरात. आजी दोन स्टॉपवॉच घेऊन मोटरहोमच्या टपावर बसायच्या, एक घड्याळ आपल्या गाडीला, दुसरं पुढच्याला, आणि खाली उतरून आधी त्या दरवाजावर लिहायच्या कारण कागद वाऱ्याने उडायचे नाहीतर त्यावर कोणीतरी ऑइलचा डबा ठेवायचं. वरपासून खालपर्यंत भरलेला होता. एका ठिकाणी १:१४.६, खाली १:१४.१, मग १:१३.९ आणि त्याच्याभोवती दोनदा गोल, इतका दाबून की पेन्सिलचं टोक मोडल्याचा ठिपका पण दिसतो. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात दूध, पाव, सिगारेट अशी सामानाची यादी. किल्ली देताना आजींनी मला एकच गोष्ट सांगितली होती, बाकी गाडीचं काय हवं ते कर, तो दरवाजा पुसू नकोस.

वर्क ऑर्डरमध्ये आतलं कुठलंच काम नव्हतं. शब्द आहेत, इंटिरिअरला हात लावायचा नाही. तरी तुमच्या लोकांनी दरवाजा काढला, त्या जागी पांढरा एमडीएफचा नवीन दरवाजा बसवला, हळू बंद होणाऱ्या बिजागऱ्यांसकट, आणि बिलात ३४० डॉलर लावले, वॉटर डॅमेज म्हणून. १९७३ च्या गाडीत तो दरवाजा असा दिसतो जसं जुन्या वाड्यात फ्रिज उघडा राहिलाय.

त्याच रात्री फोन केला. सांगितलं की जुनी पॅनल्स डंपस्टरमध्ये जातात, सॉरी. बघून सांगा म्हटलं तर बघतो म्हणाले, कोणी बघितलं नाही. दोन दिवसांनी ६० मैल गाडी हाणत स्वतः आलो तर इन्शुरन्समुळे कस्टमरला आत सोडत नाही. तुम्ही त्या दिवशी नव्हता. आणि मला माहितीये की तो डंपस्टरमध्ये गेलेला नाही, कारण गाडी घ्यायला आलो तेव्हा मी मागच्या टॉयलेटला गेलो होतो, पेंट बूथच्या मागून वाट आहे, तिथे दोन सिमेंटच्या ब्लॉकवर एक फळी आडवी टाकून त्यावर थिनरचे आणि प्रायमरचे डबे मांडले होते. लाकडाच्या डिझाइनचं लॅमिनेट, एक कोपरा फुगलेला. तेव्हा काही वाटलं नाही, शॉपमध्ये अशा शंभर फळ्या असतात. रात्री घरी येऊन कपाट उघडलं तेव्हा ट्यूब पेटली. आता पेन्सिलची बाजू खाली असेल तर वाचलं. वर असेल तर थिनरचा एक डबा पाझरला की सगळं गेलं. लॅमिनेट मला कुठल्या बाजूने दिसलं होतं ते मी नऊ दिवस आठवतोय, वरून की कडेने, नक्की आठवत नाही.

आजी ऑगस्टमध्ये येणार आहेत. मिशिगन इंटरनॅशनल स्पीडवेला पूर्वी हे सगळे याच गाडीने जाऊन इनफिल्डमध्ये मुक्काम ठोकायचे, त्या दोन मैलांच्या ओव्हलच्या मधोमध, तसंच एकदा तिथे, आपल्या मिशिगनच्या ब्रुकलिनला, गाडी नेऊन दाखवतो असं मी त्यांना कबूल करून बसलोय. ८१ वर्षांच्या आहेत. दरवाजाचं त्यांना अजून काही बोललो नाही, फोन आला की खिडक्यांबद्दल बोलतो.

तर मला काय पाहिजे ते. डिफरन्शिअलचे १८९ आणि नवीन दरवाजाचे ३४० परत. फिटिंग तुम्ही नीट करून द्या, त्यासाठी गाडी पुन्हा सोडणार नाही, तुमचा माणूस नोव्हीला पाठवा, चहा देईन. गॅस्केटचे पैसे परत द्या, ते मी स्वतःच घालतो. अक्षरांना आता कोणीही हात लावायचा नाही, तुमच्या मॅनेजरने नवीन स्टिकर फुकट लावून देतो म्हणून सांगितलंय, हुबेहूब करू म्हणाला, त्याला सांगा राहू दे. ४ आहे तेवढा बास. क्रेडिट कार्डवाल्यांकडे डिस्प्युट टाकायचा फॉर्म भरून ठेवलाय, अजून पाठवला नाहीये, ते केवळ त्या गार झालेल्या वरणामुळे.

आणि दरवाजा. शनिवारी सकाळी १० वाजता येतोय, त्या दिवशी तुम्ही स्वतः तिथे असा, म्हणजे इन्शुरन्सचं काढायला नको. फोमची शीट आणि दोरी मी आणतो. स्क्रू आणि जुन्या बिजागऱ्या माझ्याकडेच आहेत, त्या तेवढ्या तुमच्या माणसाने पिशवीत घालून, वर लेबल लावून, व्यवस्थित परत दिल्यात. तोपर्यंत तो कोणी उलटा करू नका, पुसू नका, उचलू पण नका. फक्त डबे काढून ठेवा, थिनरचे आधी.

तुमचा,
नोव्हीचा जीएमसीवाला
(नाव, नंबर वर्क ऑर्डरवर आहेच)