मॅडम, तुम्ही पोटावर स्टेथोस्कोप ठेवलात

डॉक्टर मॅडमना,
सा. न. वि. वि.

वयाच्या ३४व्या वर्षी माझं बीपी १८०/११०. तीन गोळ्या चालू होत्या, तरी उतरत नव्हतं. आधी जिथं दाखवलं तिथं एकच ऐकलं, टेन्शन घेऊ नका, मीठ कमी करा. मी लोणचं-पापड सोडलं, रविवारचा तांबडा-पांढरा सोडला, रोज रंकाळ्याला चालायला लागले. सासूबाई माझी भाजी वेगळी, आळणी काढून ठेवायच्या. आकडा हलला नाही. शेवटी वाटायला लागलं, माझंच काहीतरी चुकतंय.

तुम्ही पहिल्याच दिवशी दोन्ही हातांचं बीपी घेतलंत, नाड्या चाचपल्यात, आणि मग बेंबीच्या वर स्टेथोस्कोप ठेवून डोळे मिटून ऐकत राहिलात. बाहेर नंबर लावून माणसं बसली होती, तरी घाई केली नाहीत. "रात्री कानात ठोके ऐकू येतात का?" असं विचारलंत आणि मला रडूच फुटलं. वर्षभर मी तेच सांगत होते, कुणी लिहूनसुद्धा घेतलं नव्हतं.

डॉपलर सोनोग्राफी झाली, धमन्या दाखवणारी सीटी अँजिओग्राफी झाली. उजव्या किडनीची धमनी मण्यांच्या माळेसारखी दिसत होती. फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेझिया. आपल्याकडे तरुण बाईची धमनी अरुंद दिसली की आधी ताकायासू या धमन्यांच्या आजाराची शंका घेतात, पण त्यात धमनीला सूज असते. माझा ईएसआर, सीआरपी, म्हणजे सूज कळणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, नॉर्मल होत्या. धमनीत कोलेस्टेरॉलही साचलं नव्हतं. धमनीची भिंतच वेडीवाकडी वाढलेली, आणि का ते अजून नीट कळलेलं नाही, बहुतेक रुग्ण बायकाच असतात, हे तुम्ही सांगितलंत. बीपी का वाढतं तेही माझ्या भाषेत समजावलंत: शेवटच्या घरी नळाला पाणी कमी आलं की ते मोटर लावतात, तशी रक्त कमी पोचलेली किडनी रेनिन नावाचं द्रव्य सोडते आणि सगळ्या अंगाचं बीपी चढवते.

मांडीतून नळी घालून फुग्यानं धमनी मोकळी केली. स्टेंट लागला नाही. आता एकाच गोळीवर १२६/८०. मानेच्या धमनीतही थोडे मणी निघाले, म्हणून ॲस्पिरिन आणि दरवर्षी तपासणी. ते मी चुकवणार नाही.

त्या दिवशी स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावून अरुंद धमनीतून रक्त जातानाचा तो हुश्श-हुश्श आवाज तुम्ही मला ऐकवलात. आजार माझ्या मनात नाही, शरीरात आहे, हे मला तेव्हा पटलं. त्याचे आभार कसे मानू?

सोमवारी धाकट्या बहिणीला घेऊन येते. क्वचित घराण्यात असतो म्हणालात, आणि तिचंही बीपी वाढलंय. तिच्याही पोटावरून एकदा ऐकाल ना?

तुमची पेशंट,
कोल्हापूर